तू एकदाच मारलंस, यशोधरा

यशो, तुझी केस बंद झाली.

काल दुपारी ऑफिसात डबा उघडला आणि शांतीचा फोन आला. तुझी वकीलबाई एरवी दहा वेळा खाकरून मग मुद्द्यावर येते. काल सरळ बोलली, तेव्हाच मी हातातली पोळी खाली ठेवली. "आंटी, आरोपी हयात नाही म्हणून खटला संपला," म्हणाली. मी म्हटलं, "म्हणजे निर्दोष सुटली?" तर म्हणते, "नाही आंटी. निर्दोष नाही, दोषी पण नाही. कोर्टाला आता ठरवायचं काहीच उरलं नाही." मी विचारलं, मग माझी साक्ष?  ती हळूच म्हणाली, "आता कोणाला देणार?"

पाया लेबारच्या माझ्या ऑफिसच्या काचेच्या इमारतीत मी अशी रडले, अशी रडले, की खालच्या मॉलमध्ये पाणी शिरलं आणि माणसं सरकत्या जिन्यावरून पोहत वर आली. बघ, सुरू झाले. तू असतीस तर चमचा टेबलावर आपटला असतास. "मावशी, कोणत्या मजल्यापर्यंत पाणी?" खरं सांगते, मी रडले नाही. मी भाजी टाकून दिली आणि डबा धुतला. मग परत धुतला. मागे रांग लागली तरी धूतच राहिले.

अगं, या केसपायी तुझी नोकरी गेली आणि मी थापा मारणं सोडलं. यातलं दुसरं जास्त अवघड होतं, हे तूच येईल त्याला सांगायचीस.

तू पहिल्यांदा दारात आलीस तेव्हा आम्हाला सेरंगूनच्या फ्लॅटमधली मागची खोली भाड्याने द्यायची होती. आधी येऊन गेलेल्यांनी वायफायचा वेग विचारला, एसी किती वेळ लावू द्याल ते विचारलं. तू उंबऱ्याबाहेर उभी. खांद्याला लॅपटॉपची बॅग, घट्ट वेणी, आणि नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट म्हणालीस, "काकू, आधीच सांगते. मी ट्रान्स आहे. पासपोर्टवर नाव वेगळं आहे, पुरुषाचं. नाही म्हणायचं असेल तर बूट काढायच्या आधी म्हणा. मागच्या तीन घरी बूट काढल्यावर म्हणाले."

आतून तुझ्या काकांनी, म्हणजे ज्या माझ्या नवऱ्याला बोलायला मी कधी जागाच ठेवली नाही त्यांनी, विचारलं, "कोण आलंय गं?" मी म्हटलं, "नागपूरची मुलगी आहे. खोली बघायला आलीये. चहा वाढवा." एवढंच म्हटलं. तू बूट काढलेस, पण आत यायला तुला बराच वेळ लागला. खाली वाकून बसलीस. म्हणालीस, लेस अडकलीये. त्या बुटांना लेस नव्हतीच, यशो.

चहाबरोबर मी माझी मगर काढली. सांगलीला कृष्णेच्या घाटावर मी धुणं धुवत होते, मगर आली, मी तिला कानफटात दिली, आणि दुसऱ्या दिवशी ती पोराबाळांना घेऊन माफी मागायला आली. ही गोष्ट ऐकून आजवर लोक हसलेत, नाहीतर उठून गेलेत. तू कप खाली ठेवलास. "मगरीला कानफट कुठे असतं?" मी म्हटलं, डोळ्यामागे. "डाव्या का उजव्या?" डाव्या. "म्हणजे तुम्ही उजव्या हाताने मारलं आणि ती तुमच्याकडे तोंड करून होती. मग चावली काऊन नाही?" सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायचा तुला पगार मिळतो हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की माझी थाप इतक्या मनापासून आजवर कोणी ऐकलीच नव्हती. काकू म्हणत आलेली तू चहा संपेपर्यंत मावशी म्हणायला लागली होतीस.

ढोलाचं वेड तुझं, आणि सगळं सुरू झालं तेही त्याच्यामुळेच, म्हणून ते सांगायला हवं. आपल्या मंडळाच्या ढोल-ताशा पथकाचा सराव आंग मो किओमधल्या कारखान्यांच्या एका इमारतीत चालायचा. इथे कोणाच्या कानावर आवाज गेला तर तक्रार होते, म्हणून अर्धं वर्ष जुन्या टायरांवर सराव, आणि गणपती जवळ आले की खरे ढोल. पथक चालवणाऱ्या मंदारने पहिल्याच दिवशी तुला विचारलं, "तुम्ही तर बौद्ध ना? गणपतीसमोर वाजवणार?" तू म्हणालीस, "नागपूरला जयंतीच्या मिरवणुकीत वाजवायचे. तिथे मुलगा समजून पहिल्या रांगेत उभं करायचे. इथे मी, मी म्हणून वाजवीन. समोर कोण बसलंय ते तुम्ही बघा."  त्या वर्षी तू अशी वाजवलीस, की मलेशियातले लोक खिडक्या लावून बसले. हे मात्र खरंय. म्हणजे जवळजवळ खरंय.

आणि आपल्या लोकांची पद्धत कशी, की ढोल पथकाचा, तो वाजवायचं टिपरू ज्याचं त्याचं. ढोल कुलपात राहतो आणि हाताला बसलेलं टिपरू प्रत्येक जण घरी नेतो, दुसऱ्याला हात लावू देत नाही. तुझ्या टिपऱ्याच्या मुठीला निळी पट्टी गुंडाळलेली. बॅगेच्या बाजूच्या खिशातून त्याचं टोक कायम बाहेर. एमआरटीच्या गाडीत, हॉकर सेंटरमध्ये जेवताना, कुठेही. कधी कोणाला वाटलं नाही की हे हत्यार आहे. ते हत्यार आहे हे आम्हाला आरोपपत्र वाचल्यावर कळलं. त्यात त्याचं नाव होतं 'लाकडी रॉड'.

एका रविवारी संध्याकाळी, चांगला उजेड असताना, आपल्याच इमारतीखाली, लिफ्टजवळच्या पत्रपेट्यांसमोर, सातव्या मजल्यावरच्या माणसाने तुझा गळा धरला. तू टिपऱ्याने त्याच्या मनगटावर मारलंस. मनगट मोडलं. मी समोरच्या बाकावर बसले होते.

तो माणूस काही अनोळखी नव्हता. लिफ्टमध्ये आधी तो तुझ्या वेणीचं कौतुक करायचा. मग कोणीतरी त्याला काहीतरी सांगितलं आणि कौतुकाच्या जागी शिव्या आल्या. मी भडकले होते. तू म्हणालीस, "त्याला माझा राग नाही, मावशी. आधी कौतुक करून बसला, त्याचा राग आहे."

पोलिसांना तूच फोन केलास. टिपरू जमिनीवर ठेवलंस, दोन्ही हात दिसतील असे धरून उभी राहिलीस. ते आले तेव्हा त्यांच्यासमोर काय होतं? एक माणूस हात पोटाशी धरून कळवळतोय. दुसरीच्या गळ्यावरचे वळ अजून उमटायचेत. जमिनीवर दांडकं. आणि पासपोर्टवर पुरुषाचं नाव, पुरुषाचा फोटो. तो म्हणाला, बाईच्या वेषातला एक पुरुष रॉड घेऊन माझ्या अंगावर आला, मी घाबरून त्याला अडवलं. कागदावर ते किती सरळ बसलं. दोन पुरुष, एकाच्या हातात दांडकं, दुसऱ्याचं हाड मोडलेलं. त्यात तू कुठे होतीस? तू त्या कागदावर आलीच नाहीस.

पहिल्या दिवशी तुला पासपोर्टप्रमाणे पुरुषांच्या बाजूच्या कोठडीत ठेवलं. तिथलं तू कधी काही सांगितलं नाहीस, आणि मी, जी शेजारच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेही विचारते, मीही विचारलं नाही. तुझी जामीनदार मी झाले. पासपोर्ट त्यांच्याकडे राहिला. कंपनीने नोकरी संपवली, तिच्याबरोबर इथे राहायचा एम्प्लॉयमेंट पास गेला, आणि खटला होईपर्यंत देशात राहण्यापुरता स्पेशल पास हातात आला. काम करायचं नाही, जायचं नाही, थांबायचं. जामिनाची एक अट अशी, की तू त्या माणसाच्या आसपासही जायचं नाही. तो मात्र लिफ्टने वर-खाली जात राहिला. अट तुला होती. म्हणून तू आपल्या चौथ्या मजल्यावर जिन्याने यायला लागलीस. हातात दुधाच्या पिशव्या असल्या तरी जिन्याने.

मंदारने तुला सरावाला येऊ नकोस म्हणून सांगितलं. "केस मिटेपर्यंत फक्त. पथकाच्या परवानगीचा प्रश्न आहे." शांतीला कोर्टात कोणीतरी उभं करायचं होतं, टिपरू म्हणजे काय आणि ते लोक घरी का नेतात एवढं सांगायला. मंदार म्हणाला, मी कशाला, तुमचं तुम्हीच सांगा ना. त्याच्या बॅगेतून स्वतःचं टिपरू डोकावत होतं हे बोलताना. तू मला त्याच्याशी भांडू दिलं नाहीस. म्हणालीस, "त्याला बायको-पोरं आहेत, मावशी. पास आहे." तुझ्यात एवढा समजूतदारपणा कुठून यायचा? माझं तेव्हाही डोकं फिरायचं, आताही फिरतंय.

राहता राहिली साक्षीदार एक. मी. लिफ्टच्या आतला कॅमेरा लिफ्टच्या आतलंच बघतो, पत्रपेट्यांसमोरचं बघत नाही. आणि माझी ख्याती अशी, की खालचे कॅरम खेळणारे म्हातारेसुद्धा मला बघितलं की विचारतात, "आंटी, क्रोकोडाइल हाऊ आर यू?" शांतीने पहिल्याच भेटीत हात जोडले होते. "आंटी, प्लीज, नो मसाला. एक वाक्य फुगवलं तरी सरकारी वकील सगळंच फुगवलेलं ठरवेल."

मग तू मला शिकवायला बसलीस. रोज सकाळी काका ऑफिसला गेले की मी निघेपर्यंत स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोर्ट. तू सरकारी वकील, मी साक्षीदार, आणि थाप आली की चमचा.

"मॅडम, आरोपीने कसं मारलं?"

"वीज पडावी तसं."

चमचा. "विजेला हात नसतो. कोणत्या हाताने?"

"उजव्या. आणि तो राक्षस असा लांब उडून..."

चमचा. "उडाला?"

"नाही. मागे सरकला."

"किती?"

"एक पाऊल. पण यशो, काय मजा त्यात. कोर्टातली माणसं झोपतील."

"झोपू दे. झोपेत बरोबर लिहितील." मग तू परत तो वकिली चेहरा करायचीस. "तुम्ही म्हणता त्याने गळा धरला होता. कशावरून? पाठ तुमच्याकडे होती त्याची."

"तिच्या टाचा जमिनीवरून सुटल्या होत्या. पत्रपेट्यांना तिची पाठ लागली होती. तिचा चेहरा मला त्याच्या खांद्यावरून दिसत होता."

"चेहऱ्यावर काय होतं?"

इथे मी दर वेळी अडायचे. तुला वाटायचं मला थाप सुचतेय आणि मी ती दाबतेय. तसं नव्हतं. तुझा चेहरा मला दिसायचा आणि समोर तूच बसलेली असायचीस, हातात चमचा घेऊन, भुवया वर करून. मी त्या चेहऱ्याचं तुला काय सांगू? शेवटी तूच म्हणालीस, "एवढंच सांगा, की तिला श्वास घेता येत नव्हता असं दिसत होतं. खरं तेवढंच होतं." आणि उठून तूरडाळ धुवायला लागलीस.

"आणि किती वेळा मारलं, मॅडम?"

"एकदा."

"नक्की?"

"एकदाच. त्याने हात सोडला. मग तिने मारलं नाही."

याला कधी चमचा पडला नाही.

आपलं खरं भांडण दुसरंच होतं, आणि ते तू अर्धं टाकून गेलीस. सरकारी बाजूने निरोप आला, की कमी गुन्हा कबूल केलास तर शिक्षा कमी मागू. मग परत पाठवतील आणि संपेल. काका, जे वर्षात चार वाक्यं बोलतात, त्यांनी त्यातलं एक तुझ्यावर खर्च केलं. "कबूल कर पोरी, घरी जा."

"घरी म्हणजे कुठे, काका?"

काकांची चार वाक्यं तिथेच संपली. मग मी सुरू झाले. मी काय काय बोलले. जिवापेक्षा कागद मोठा का? तरुण आहेस, नागपूर नाही तर पुणे, पुणे नाही तर बंगलोर, नोकरी मिळेल. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, थोडीशी जरी जेल झाली तरी ती पुरुषांची जेल असेल, हे विसरल्या का मावशी? मी म्हटलं, शांती दंडावर भागवेल. तू म्हणालीस, "भागवेल. पण मी हो म्हटलं तर काय कबूल होतं ते बघा ना. एक पुरुष दुसऱ्या पुरुषाला उगाच रॉडने मारतो, असं मी स्वतः म्हणायचं. माझ्या तोंडाने." आणि मग जे बोललीस ते मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. "मला सुटायचं नाही, मावशी. मला बरोबर ठरायचंय. एकदा कोणीतरी खुर्चीत बसून म्हणू दे, की बाई, तुझा गळा होता, तो वाचवायचा तुला हक्क होता."

"बरोबर ठरून काय करणार? डोक्यावर घेऊन नाचणार?"

"हाव. नाचीन."

मग दोघींनी जेवेपर्यंत तोंडं फिरवली. जेवताना तू पापड माझ्या ताटात टाकलास, मी तो परत तुझ्या ताटात टाकला, मग काकांनी खाल्ला.

अजून मला वाटतं तू हो म्हणायला हवं होतंस. आज कुठेतरी जिवंत असतीस, मला फोनवर शिव्या देत असतीस. आणि अजून मला वाटतं, तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं. कोणाशी भांडू, सांग ना. काकांशी भांडून मजा येत नाही, ते लगेच हरतात.

ताप आला तेव्हा सुनावणी तोंडावर आली होती. ब्लॉकच्या खाली डेंग्यूची लाल पाटी लागलेली, आणि तू म्हणतेस व्हायरल आहे. मी हॉस्पिटल म्हटलं की तू पांघरुणातून उठून बसायचीस. "ते मनगटावर पट्टा बांधतात, मावशी. पट्ट्यावर ते नाव असतं. मग त्या नावाने हाक मारतात, सगळ्यांसमोर, आणि पुरुषांच्या वॉर्डात टाकतात. मी एकदा राहिले त्या बाजूला. परत नाही." क्लिनिकमध्ये नेलं ते तुझ्या पायऱ्यांनी. मी लिफ्टचं दार अडवून उभी राहिले, म्हटलं मरो ती अट, तुला उभं राहवत नाहीये. तू कठडा धरून खाली उतरायला लागलीस. "तो आत असला तर जामीन जाईल. तुमचा पण." अंगात भट्टी पेटलेली आणि तुला माझ्या जामिनाच्या पैशांची काळजी. मी अख्ख्या ब्लॉकला ऐकू जाईल अशी ओरडले. ही थाप नाही, खालून एक बाई वर बघायला आली होती.

हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा मी तुला विचारलंच नाही, ॲम्ब्युलन्स बोलावली. स्ट्रेचरवर तू माझा हात असा धरलास की बांगडी वाकली. वॉर्डात एक मलय नर्स होती, डोक्यावर स्कार्फ, वयाने माझ्याएवढी. तिने पट्टा बघितला, तुझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "डियर, व्हॉट नेम यू लाइक?" तू म्हणालीस, यशोधरा. तिने स्पेलिंग विचारून घेतलं, पलंगामागच्या फळ्यावर मार्करने लिहिलं, कोपऱ्यातली खाट दिली आणि पडदा ओढला. तू मान वळवून फळ्याकडे बघत राहिलीस. मग मला म्हणालीस, "मावशी, एवढंच होतं?"

मी म्हटलं, "हो गं. एवढंच होतं."

दुसऱ्या दिवशी तू बोलायची थांबलीस. त्यानंतर जे झालं ते मी लिहीत नाही. मला ते फुगवता येत नाही आणि कमीही करता येत नाही.

तुझ्या आईला फोन मी केला. तुम्ही दोघी किती वर्षं बोलला नव्हता ते मला माहीत होतं. मला वाटलं फोन ठेवतील.  त्यांनी विचारलं, "साडी नेसवाल ना, ताई?" मी म्हटलं, नेसवते, माझी हिरवी काढून ठेवलीये, बांगड्या आहेत, हळद-कुंकू आहे. "नाही ताई, आमच्यात कुंकू नसते. पांढरी पाहिजे. पांढरी नवी घ्या." लिटल इंडियात जाऊन घेतली. बारीक सोनेरी काठाची. मंडाईच्या दाहगृहात फोन स्पीकरवर ठेवला आणि तुझ्या आईने नागपुरातून त्रिशरण म्हटलं. त्या एक ओळ म्हणायच्या, आम्ही मागून. माझा उच्चार चुकला की त्या थांबायच्या, ती ओळ परत म्हणायच्या आणि मग पुढे जायच्या. माय तशी लेक, माझ्या मनात आलं. पथकातले सगळे आले होते, पांढरे कुडते घालून, ढोलाशिवाय. मंदार हात जोडून उभा होता. मी त्याला काही बोलले नाही. तू बोलू दिलं नसतंस म्हणून नाही, मला ताकदच नव्हती.

आणि मग काल शांतीचा फोन.

ऑफिसातून घरी आले तेव्हा म्हातारे कॅरम खेळत होते. पत्रपेट्यांसमोर लिफ्ट उघडली आणि आत तो. सातव्या मजल्यावरचा. प्लास्टर केव्हाच निघालंय. त्याने माझ्यासाठी दार धरलं, चांगल्या हाताने की बऱ्या झालेल्या ते बघितलं नाही. म्हणाला, "आंटी, सॉरी फॉर युअर फ्रेंड आह. एनीवे, सेटल ऑलरेडी, लाह."

यशो, मला सांगलीतली सगळी भाषा येते. त्यातली एकही शिवी तोंडात आली नाही. मी दारात पाय ठेवला, लिफ्टचं दार परत परत माझ्या खांद्याला लागत होतं, आणि मी इंग्रजीत बोलायला लागले. जसं तू शिकवलंस तसं. त्याला म्हटलं, तू तिचा गळा धरलास. इथे, या पेट्यांना टेकवून. तिच्या टाचा जमिनीवर नव्हत्या. तिला श्वास घेता येत नव्हता. तिने एकदा मारलं. तू हात सोडलास. मग तिने मारलं नाही. मी तिथे बसले होते, त्या बाकावर.

मागे कॅरमवाले हसायला लागले. त्यांना वाटलं आंटीची नवी गोष्ट. एक जण म्हणाला, "देन क्रोकोडाइल कम, इझ इट?" आणि तो माणूस, तोसुद्धा हसला, यशो. त्यांच्यात मिसळून हसला. "आंटी ऑलवेज गॉट स्टोरी," म्हणाला.

 आयुष्यभर जे पेरलं ते समोर उभं राहून हसत होतं, आणि मध्ये तू चिरडली जात होतीस. मी पाय काढला नाही. परत पहिल्यापासून सांगितलं. तेच शब्द, त्याच क्रमाने, त्याच आवाजात. या वेळी ते हसले नाहीत. कॅरमची सोंगटी कोणीतरी बोटाने थांबवली. तो माणूस आतलं बटण दाबत राहिला, आणि माझं सांगून झालं तेव्हा मीच पाय काढला. लिफ्ट वर गेली.

कॅरमवाल्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या, दात नसलेल्या अंकलने विचारलं, "वन टाइम ओन्ली?"

"वन टाइम," मी म्हटलं.

"ही लेट गो, देन शी स्टॉप?"

"येस."

त्याने सोंगटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "देन शी करेक्ट, व्हॉट," म्हणाला. आणि शेजाऱ्याला कोपराने ढोसून विचारलं, कोणाची पाळी.

शिक्का नाही, खुर्ची नाही, कागदावर कुठे काही नाही. कॅरमच्या पावडरने पांढरी झालेली बोटं. पण तो 'करेक्ट' म्हणाला, यशो. मी न सांगता म्हणाला.

मी जिन्याने धावत वर आले, माझे गुडघे तुला माहीत आहेत. दार उघडून तुझ्या खोलीपर्यंत गेले आणि "अगं ऐक" एवढं बोलूनही झालं.